सा म, रे प, ग ध: बत्तीस सोनाटांपासून भानुकुलापर्यंत

सध्या भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगत सुटले आहे. कर्जतच्या फलाटावर लोकलची वाट बघणाऱ्या मैत्रिणीला, बाजारात भाजी निवडणाऱ्या काकूंना, शाळेतल्या सहकाऱ्यांना, सगळ्यांना! एखाद्या थोर रचनाकाराचं एखादं गाजलेलं काम ऐकून थांबू नका. त्यानं ज्या क्रमानं रचलं त्याच क्रमानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. चुटपुटतं नको, सगळं. एक माणूस ऐकता ऐकता तुमच्यासमोर वाढतो, मोडतो, पुन्हा उभा राहतो. हे सुख मला इतक्या उशिरा कळलं आणि कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

मी ठाकुरवाडीत राहते. कर्जत-खालापूर भागात या नावाच्या वाड्या जागोजाग आहेत. बोरघाट चढणाऱ्या रेल्वेमार्गावर पळसदरीच्या पुढे एक ठिकाणही याच नावाचं आहे. आमच्या वाडीत संध्याकाळी मुलं जमतात आणि मी त्यांना पेटीवर स्वर ओळखायला शिकवते. सरळ सप्तक झालं की पलटे. त्यातला एक मुलांचा फार लाडका: सा म, रे प, ग ध, म नी, प सां. तीन पावलं वर, दोन पावलं मागे, पुन्हा वर. गाणं शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या गळ्यातून हा पलटा कधी ना कधी गेलेला असतो.

पियानो शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं मला बीथोव्हनचा एक सोनाटा पाठवला. ओपस ११०, बत्तिसातला एकतिसावा. त्याच्या शेवटच्या भागात एक फ्यूग आहे. फ्यूग म्हणजे एक स्वरवाक्य एका आवाजात सुरू होतं, ते पुरं होतं न होतं तोच दुसरा आवाज तेच वाक्य वेगळ्या उंचीवरून उचलतो, मग तिसरा, आणि सगळे एकमेकांत गुंफत जातात. ते स्वरवाक्य सुरू झालं आणि मी ताडकन उठून बसले. सा म, रे प, ग ध! आमचाच पलटा! पेटी ओढली, पियानोचा षड्ज शोधला, लावून पाहिला. तोच. स्वर न् स्वर तोच. पुढे ते वाक्य अलगद खाली उतरतं, पण पहिली चढण म्हणजे आमच्या वाडीतली पोरं रोज घोकतात तीच.

सोनाट्याच्या हस्तलिखितावर २५ डिसेंबर १८२१ ही तारीख आहे. बीथोव्हन नुकता एक्कावन्न वर्षांचा झालेला. कान जवळजवळ पूर्ण गेलेले. मागे तीस सोनाटा, आठ सिम्फनी. इतकं सगळं रचून झाल्यावर हा माणूस आयुष्याच्या उतरणीवर इतक्या साध्या चढणीपाशी का आला? या एका प्रश्नानं मला धरलं. उत्तर हवं असेल तर तो तिथवर चालत कसा आला ते पाहायला हवं होतं. म्हणून मी पहिल्या सोनाट्यापासून सुरुवात केली.

सोनाटा ही बहुधा तीन-चार भागांची मोठी रचना. आपल्या कानाला सगळ्यात नवी वाटते ती तिच्या पहिल्या भागाची घडण. आपल्याकडे तानपुरा एकदा जुळला की मैफल संपेपर्यंत षड्ज हलत नाही. इथे षड्जच प्रवासाला निघतो. पहिला विचार एका षड्जावर मांडायचा, दुसरा विचार दुसऱ्याच षड्जावर. मध्ये दोघांची ओढाताण, तुकडे करणं, अनोळखी सुरांत फिरवून आणणं. आणि शेवटी दोन्ही विचार मूळ षड्जावर येऊन भेटतात. त्या भेटीचा आनंद समेवर येण्याच्या आनंदाइतकाच खरा आहे. एकदा हे कानात बसलं की सोनाटा परका राहत नाही, अजिबात राहत नाही!

पहिले तीन सोनाटा १७९६ मध्ये छापले गेले, गुरू हायडन यांना अर्पण केलेले. अगदी पहिल्याच्या सुरुवातीला स्वर एकापाठोपाठ उड्या घेत वर उसळतात, टोकाला छोटीशी गिरकी घेतात आणि पुन्हा उसळतात. पंचविशीतला तरुण, बॉनहून व्हिएन्नाला आलेला, शहर जिंकायला निघालेला. भाषा गुरूंची, अंगातली खुमखुमी स्वतःची. १७९९ मध्ये ‘पाथेतीक’ येतो. त्याची सुरुवात जड, संथ, काळोखी आणि मग एकदम वेग. पण गंमत म्हणजे तो संथ भाग पुढे वेगाच्या मधोमध पुन्हा उभा राहतो, वाहत्या गाण्याला थांबवतो. १८०१ मध्ये ज्याला पुढे लोकांनी ‘मूनलाइट’ म्हटलं तो. वेगवान भाग आधी ही रीत मोडून बीथोव्हन तिथे संथ भागानं सुरुवात करतो आणि वादळ शेवटासाठी राखून ठेवतो. आपल्या विलंबित-द्रुताची सवय असलेल्या कानाला हा क्रम घरचाच वाटतो!

मग ऑक्टोबर १८०२. व्हिएन्नाबाहेरच्या हायलिगेनश्टाट या खेड्यातून बीथोव्हननं भावांच्या नावे एक पत्र लिहिलं. ऐकू येईनासं झालंय, माणसांत वावरायची लाज वाटते, जीव संपवावासा वाटला होता, पण कलेनं रोखून धरलं, अशा आशयाचं. ते पत्र त्यानं कधी पाठवलं नाही. मरणानंतर कागदपत्रांत सापडलं. आणि त्या पत्रानंतरच्या तीन-चार वर्षांत काय येतं? ‘वाल्डश्टाइन’ आणि ‘अपासिओनाता’. घरात मावणार नाहीत एवढे मोठे दोन सोनाटा. ‘वाल्डश्टाइन’च्या आरंभी एकच स्वरमेळ दबक्या आवाजात धडधडत राहतो आणि त्या धडधडीतून अख्खी रचना उठते. आधीचे सोनाटा ओळीनं ऐकले असतील तरच कळतं की हा माणूस इथे किती लांबची उडी मारतोय.

पुढे दोन सोनाटांमधलं अंतर वाढत जातं. १८१८ मध्ये ‘हामरक्लाविअर’ पुरा झाला, वाजवायला पाऊण तासाच्या आसपास. त्याच वर्षापासून भेटायला आलेली माणसं आपलं म्हणणं वहीत लिहून दाखवू लागली. बाहेरचा आवाज आता मिटत चालला होता. आणि १८२० ते १८२२ मध्ये शेवटचे तीन. त्यांत गर्जना थोडी आणि गाणं फार. शेवटच्या सोनाट्याचे दोनच भाग. दुसऱ्यात एक साधं, सावकाश गीत आहे, त्याचं रूप वाढत वाढत जातं, लय दुप्पट-चौपट होत जाते, शेवटी स्वर नुसते वर थरथरत राहतात. ख्यालाची बढत ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि मधला तो ओपस ११०! त्याच्या दुसऱ्या भागात त्या काळच्या दोन चालत्या लोकगीतांच्या चाली डोकावतात, असं अभ्यासक सांगतात. गल्लीतली, खोडकर गाणी. मग शेवटच्या भागात एक शोकगीत, त्यामागून सा म रे प ग धचा फ्यूग. फ्यूग ऐन भरात असताना कोसळतो आणि शोकगीत परत येतं. पण आता षड्जच अर्ध्या स्वरानं खाली उतरलाय आणि ओळ मध्येमध्ये तुटते. स्वर, शांतता, स्वर, शांतता. बीथोव्हननं तिथे ‘थकून, विलापत’ अशी सूचना लिहिली आहे. दम लागलेला माणूस बोलायचा प्रयत्न करतोय. त्यानंतर एकच स्वरमेळ पुन्हा पुन्हा वाजतो, दहा वेळा, हळू आवाजातून मोठा होत होत. आणि पलटा परत येतो, उलटा होऊन, वरून खाली! इथली सूचना आहे ‘हळूहळू पुन्हा जिवंत होत’. मी हे ऐकताना रडले.

त्या तुटक्या ओळीपाशीच मला कुमार गंधर्व आठवले. तुटक श्वास, मध्ये शांतता, पुन्हा लख्ख स्वर. हे मी ऐकलेलं होतं! माझ्याच भाषेतल्या माणसांनी डोक्यावर घेतलेल्या गवयाच्या गळ्यातून ऐकलेलं होतं! मग काय, हाच क्रम त्यांच्यासाठी लावला. गायक कुमारजी आपल्याला माहीत असतात. निर्गुणी भजनं घराघरांत पोचलेली आहेत. रचनाकार कुमारजी मात्र गायकाच्या तेजात झाकले जातात. त्यांच्या बंदिशींचं पुस्तक ‘अनूपरागविलास’, १९६५ साली मौज प्रकाशनानं छापलेलं. ते पुढ्यात घेऊन, ध्वनिमुद्रणं लावून बसले.

आणि काय प्रवास आहे हा!

बेळगावजवळचं सुळेभावी. ८ एप्रिल १९२४ चा जन्म. नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ. लहान पोर मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचं. एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटलं. मग मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात. देवधर मास्तर विष्णू दिगंबरांचे शिष्य, पाश्चात्त्य संगीताचाही रीतसर अभ्यास केलेले. त्यांच्याकडे सगळ्या घराण्यांचे गवई यायचे, आणि मास्तर कुठल्याच घराण्याच्या भिंतीत मुलाला कोंडत नव्हते. या काळातलं गाणं म्हणजे विलक्षण ग्रहणशक्ती. भाषा मोठ्यांची, अंगातली खुमखुमी स्वतःची. पंचविशीतल्या बीथोव्हनबद्दल मी हेच लिहिलं होतं. दोन्ही तारुण्यं मला सारखीच ऐकू येतात.

मग क्षय. १९४७ मध्ये भानुमती कंसांशी लग्न झालं आणि १९४८ च्या जानेवारीत दोघं कोरड्या हवेसाठी माळव्यात देवासला आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. एक फुप्फुस कायमचं निकामी झालं. तेविशीतला, देशभर गाजलेला गवई अंथरुणाला खिळून पाच-सहा वर्षं गाण्याशिवाय! भानुताईंनी शुश्रूषा केली, स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागलं आणि जीव वाचला.

पण त्या वर्षांत गाणं थांबलं तरी ऐकणं सुरू राहिलं. नव्हे, ऐकणं तिथेच खरं सुरू झालं! खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायका, बाजाराची वाट, भीक मागत फिरणारे नाथपंथी जोगी, टेकडीवरच्या तुळजाभवानी आणि चामुंडेच्या दर्शनाला निघालेले लोक. माळव्यातली लग्नाची, पेरणीची, पावसाची गाणी. ती कानात भरली, मग माणसं गाठून ऐकली, स्वरलिपीत टिपून ठेवली. आणि कुमारजींना दिसलं की तीन-चार-पाच स्वरांच्या या धुनांमध्ये रागाचा अंकुर आहे. राग पुस्तकात जन्मत नाही. तो माणसांच्या गळ्यात आधी असतो. त्या धुनांमधून त्यांनी राग उभे केले: मालवती, लगनगंधार, संजारी, अहिमोहिनी, सहेली तोडी. ‘धुनउगम राग’ असं त्यांचं नाव. अहिमोहिनीच्या मुळाशी गारुड्याच्या पुंगीची धून आहे. गारुड्याची पुंगी! रस्त्यात ऐकून आपण पुढे जातो, आणि तिथे हा माणूस थांबतो, ऐकतो, त्यातला राग ओळखतो.

मधसुरजा हा दुपारचा राग ऐका. त्यातल्या बंदिशीत बळी द्यायला नेलेला बकरा आईला हाक घालतो, वाचव म्हणतो. ख्यालाच्या बंदिशींत सासू, नणंद, पिया, सावन यांची वस्ती. तिथे हा बकरा कुठून आला? देवासच्या टेकडीवरून आला. खऱ्या दुपारच्या खऱ्या आकांतावरून. ऐकताना अंगावर काटा येतो आणि लगेच कळतं की बंदिशीचे शब्द काय वाहू शकतात याची हद्दच इथे पुढे सरकली आहे. बागेश्रीत आंब्याला पुन्हा मोहर आल्याची बंदिश आहे. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला रचलेला गांधी मल्हार आहे. माणूस, झाड, जनावर, इतिहास, सगळं अस्थाई-अंतऱ्यात येऊन बसतं.

या बंदिशी रचनेच्या अंगानंही मुद्दाम ऐका. मुखडा बऱ्याचदा अगदी छोटा. समेकडे येण्याची वाट अशी की सम आली कधी ते कळू नये आणि आल्यावर दुसरीकडे कुठे ती येऊच शकली नसती असं वाटावं. फुप्फुस एकच, म्हणून लांब पल्ल्याची तान शक्य नाही. मग छोटे, टोकदार, बाणासारखे सरळ स्वरसमूह, त्यांच्यामध्ये जागा. त्या जागेत तानपुरा बोलतो. गेलेल्या श्वासाची भरपाई असं त्याला म्हणणं मला पटत नाही. त्या रिकाम्या जागा रचनेचा भाग झाल्या आहेत, जशा त्या ओपस ११०च्या शोकगीतात. बीथोव्हननं शांतता कागदावर लिहिली, कुमारजींनी ती गळ्यात धरली.

आणि मग तिसरा टप्पा, सगळं एकत्र येण्याचा. १९६१ मध्ये भानुमती गेल्या. पुढच्या वर्षी वसुंधरा श्रीखंडे आयुष्यात आल्या आणि गाण्यातही त्यांची साथ राहिली. या काळात एकेक बंदिश सुटी मांडण्यापेक्षा अख्ख्या मैफलीचीच रचना करायला कुमारजी लागले. ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ म्हणजे एकेका ऋतूचं राग, बंदिशी आणि माळवी लोकगीतांतून उलगडलेलं रूप. ‘त्रिवेणी’त कबीर, सूरदास, मीरा. ‘तांबे गीतरजनी’त ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे. ‘मला उमजलेले बालगंधर्व’. एका रागाची सगळी अंगं दाखवणारं ‘गौड मल्हार दर्शन’. सोनाट्याचे तीन-चार भाग एका विचारानं बांधलेले असतात. इथे दोन-तीन तासांची मैफल तशी बांधलेली आहे. १२ जानेवारी १९९२ ला देवासच्या ‘भानुकुल’ या घरी हा प्रवास थांबला.

एकाला बाहेरचं ऐकू येईनासं झालं, तो आत ऐकत राहिला. दुसऱ्याला गाता येईना, तो बाहेर ऐकत राहिला. आणि दोघंही ऐकता ऐकता साध्या माणसांच्या चालीपाशी पोचले. एकाच्या सोनाट्यात गल्लीतलं गाणं आलं, दुसऱ्याच्या रागात गारुड्याची पुंगी. रचनाकार मोठा होतो तो कानानं, हे मला या दोन प्रवासांनी शिकवलं. दुःखानं माणूस मोठा होतो असं म्हणून आपण मोकळे होतो. दुःख तर पुष्कळांना होतं. त्या दुःखाच्या काळात कोण कशाकडे कान देऊन बसला, यावर पुढचं सगळं ठरतं.

हे कळल्यापासून ठाकुरवाडीतच माझे कान वेगळे झालेत. पावसाळ्यात आवणीला बायका चिखलात ओळीनं वाकून रोपं लावतात आणि एक ओळ उचलते, दुसरी झेलते. ही चाल मी वर्षानुवर्षं ऐकत आले. यंदा पहिल्यांदा बांधावर थांबले, स्वर मोजले. चारच स्वर! घरी येऊन पेटीवर वाजवायला गेले तर त्यातला गंधार पट्ट्यांवर सापडेना. कोमलच्या किंचित वर, शुद्धच्या खाली. पुन्हा शेतात गेले, पुन्हा ऐकलं; गंधार तिथेच, दरवेळी नेमका तिथेच. गाणाऱ्या आजींना विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, “बाय, आम्ही काय शिकलोय का गाणं? हात चालतो, तशी चाल चालते.” हात चालतो तशी चाल! लय कुठून येते हे याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या भागातल्या ठाकर आदिवासींच्या आयुष्यावर गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’ ही कादंबरी लिहिली आणि १९७७ मध्ये जब्बार पटेलांनी तिचा सिनेमा केला. त्यातली ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. याच जब्बार पटेलांनी पुढे कुमारजींवर ‘हंस अकेला’ हा माहितीपट केला. हे समजलं तेव्हा मला केवढा आनंद झाला! आमच्या डोंगरांतला ढोल आणि देवासचा तानपुरा यांच्यात वाट आहे, आणि एक माणूस त्या वाटेनं चालून गेलेला आहे.

तर तुम्हीही निघा. बत्तीसच्या बत्तीस सोनाटा जमत नसतील तर पाच घ्या, पण क्रमानं: अगदी पहिला, मग ‘पाथेतीक’, ‘वाल्डश्टाइन’, ‘हामरक्लाविअर’ आणि ओपस ११०. कुमारजींच्या लहानपणच्या तबकड्या आधी ऐका, मग धुनउगम राग, मग ऋतूंच्या मैफली. हातात ‘अनूपरागविलास’ असेल तर एकेक बंदिश आधी स्वतः म्हणून पाहा, मोडकी का होईना. रचना तोंडात आल्याशिवाय तिचे सांधे कळत नाहीत. आणि तुमच्या आसपास जे गाणं कुणी गाणं म्हणून मोजत नाही, त्याच्यापाशी थांबा, स्वर मोजा, गाणाऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. आमच्या मुलांना आता सा म रे प ग ध येतं, स्वर ऐकून वहीत मांडताही येऊ लागलेत. पुढच्या आवणीला ती वह्या घेऊन बांधावर बसणार आहेत. कुठली चाल कुठल्या कामाची, कोण कुठली ओळ उचलतं, गंधार कुठे लागतो, सगळं टिपणार आहेत. त्यासाठी कोऱ्या वह्या मी आत्ताच आणून ठेवल्यात!